कीर्द, दलाली आणि प्राप्तिकर

पगारदार मनुष्याचे उत्पन्न किती, हे सांगावयास दुसरा मनुष्य हजर असतो. त्याचा मालक पगार देतो, त्यातला कर आधीच कापून सरकारात भरतो आणि वर्षअखेर तसा दाखलाही देतो. शेतसारा घ्यावयाचा तर जमीन मोजता येते. जकात घ्यावयाची तर माल नाक्यावर अडविता येतो. पण वकील, वैद्य, चित्रकार, भाषांतरकार, किंवा घरबसल्या संगणकावर परगावच्या गिऱ्हाइकाचे काम करून देणारा कारागीर, अशा स्वतंत्र व्यवसायी माणसाने वर्षभरात काय मिळविले हे जाणणारा मनुष्य आजवर एकच होता, आणि तो म्हणजे तो स्वतः. प्राप्तिकराच्या इतिहासातील पुष्कळसे झगडे या एका गोष्टीतून उत्पन्न झालेले आहेत.

गेल्या दहापंधरा वर्षांत या स्थितीत मोठा पालट पडला. स्वतंत्र व्यवसायी आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यामध्ये ऑनलाइन मंच, म्हणजे ज्यास आज घरोघर प्लॅटफॉर्म म्हणतात ती संस्था, येऊन बसली. काम तीच मिळवून देते, पैसाही तिच्याच हातून येतो, आणि देताना ती आपले शुल्क कापून घेते. त्यामुळे व्यवसायी माणसाच्या उत्पन्नास प्रथमच एक दुसरा साक्षीदार मिळाला. परंतु या साक्षीदाराच्या तोंडचा आकडा आणि व्यवसायी माणसाच्या बँकेत जमा झालेला आकडा हे बहुधा एक नसतात. यांपैकी खरे उत्पन्न कोणते, आणि वहीत काय लिहावे, हा प्रश्न आज आपल्या घरांतील अनेक तरुण मुलामुलींपुढे उभा आहे. तो वाटतो तितका नवा नाही. त्याचा मागोवा घेतला असता त्याचे उत्तरही बरेचसे हाती लागते, असे आम्हांस वाटते.

उत्पन्न किती हे विचारल्यावाचूनही धंद्यावर कर घेता येतो, आणि जुन्या काळी तो तसाच घेतला जाई. मराठी राज्यात मोहतर्फा नावाचा कर होता. दुकानदार, विणकर, तेली इत्यादी उदमी व कारागीर लोकांकडून तो घेत; पण त्याची आकारणी नफ्यावर नसे. दुकान आहे काय, माग किती, घाणा किती, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर ती होई. ही रीत ढोबळ होती खरी, परंतु तीत कोणास आपली वही उघडून दाखवावी लागत नसे. या रीतीचा अवशेष आपल्याकडे अद्यापि आहे. महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने सुरू झालेला व्यवसाय कर हा याच जातीचा आहे. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षास २,५०० रुपये घातलेली आहे, आणि तो भरणाऱ्यास आपल्या खर्चाचा हिशेब कोणी विचारीत नाही.

प्रत्यक्ष उत्पन्नावर कर घेण्याचा मार्ग इंग्लंडात निघाला. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी धाकट्या पिटने १७९८च्या डिसेंबरात ही योजना पार्लमेंटापुढे मांडली व १७९९पासून ती अमलात आली. वर्षास ६० पौंडांच्या आत ज्याचे उत्पन्न त्यास माफी, २०० पौंडांवर ज्याचे उत्पन्न त्यास शेकडा १० कर, आणि दरम्यान चढता दर, अशी ती योजना होती. प्रत्येकाने आपल्या एकंदर उत्पन्नाचे निवेदन स्वतः करावयाचे होते. पिटची अपेक्षा १ कोटी पौंडांची होती. हाती सुमारे ६० लाख आले. माणसाच्या उत्पन्नाची साक्ष त्याच्या एकट्याकडूनच घेतली म्हणजे काय होते, याचा तो पहिला धडा होता.

हा धडा अ‍ॅडिंग्टनने नीट वाचला. १८०२ साली तह झाल्यावर पिटचा कर उठला होता. १८०३ साली युद्ध पुन्हा पेटताच अ‍ॅडिंग्टनने तो निराळ्या रूपात आणला. त्याने उत्पन्नाचे ए पासून ई पर्यंत पाच वर्ग पाडले आणि जेथे शक्य तेथे असा नियम घातला, की ज्याच्या हातून पैसा जातो त्यानेच कर कापून ठेवावा. खंड देणाऱ्या कुळाने तो खंडातून कापावा, व्याज देणाऱ्याने व्याजातून कापावा. दर पिटच्या निम्मा, पण वसूल जवळजवळ तितकाच आला. आज आपण ज्यास टीडीएस म्हणतो त्या मुळाशीच कर कापण्याच्या पद्धतीचा हा जन्म होय. मात्र व्यापार व स्वतंत्र व्यवसाय यांचा जो डी वर्ग, तेथे ही युक्ती चालेना. वकिलास शेकडो पक्षकार पैसे देणार. त्यांतील कोणी काय म्हणून कापावे? त्या वर्गास निवेदनावरच भिस्त ठेवावी लागली. १८१६ साली लोकक्षोभापुढे नमून पार्लमेंटाने तो कर रद्द केलाच, शिवाय त्याची कागदपत्रे नष्ट करण्याचाही हुकूम दिला. १८४२ साली पीलने कर पुन्हा आणला तेव्हा डी वर्गातील लोकांस एक सवलत ठेवली, ती लक्षात घेण्यासारखी आहे. आपला हिशेब गावातल्याच, कदाचित आपल्याच धंद्यातल्या, कमिशनरांपुढे मांडण्याची ज्यास भीती वाटे त्याने तो सरकारी खास कमिशनरांपुढे मांडावा. वही दाखविण्याचे भय कर भरण्याच्या भयाहून कमी नव्हते, हेच यावरून दिसते.

हिंदुस्थानात हा कर १८५७च्या उठावानंतरच्या ओढगस्तीत आला. 'इकॉनॉमिस्ट' या पत्राचा संस्थापक जेम्स विल्सन हा येथील पहिला अर्थमंत्री म्हणून १८५९च्या अखेरीस आला. त्याने १८ फेब्रुवारी १८६० रोजी अंदाजपत्रक मांडले. २४ जुलै रोजी कायदा झाला. आणि ११ ऑगस्टला विल्सन कलकत्त्यास आमांशाने वारला. वर्षास २०० रुपयांपासून ५०० पर्यंत उत्पन्नावर शेकडा २ आणि त्यावर शेकडा ४ असा दर होता. मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलिअन याने या योजनेस उघड विरोध केला, त्यापायी त्यास परत बोलाविण्यात आले. विरोधाचे मर्म असे होते, की कायदा इंग्लंडच्या नमुन्यावर होता, पण ज्यांच्याकडून निवेदने मागावयाची ती माणसे इंग्लंडची नव्हती. लहान दुकानदार, कारागीर व बैते मिळविणारा बलुतेदार यांना उत्पन्नाचे निवेदन म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. १८६२ साली ५०० रुपयांच्या आतील सर्वांस वगळावे लागले आणि १८६५ साली तो कायदा संपला.

पुढील वीस वर्षे सरकार धंद्यावरचा परवाना कर आणि उत्पन्नावरचा कर यांच्यात हेलकावे खात राहिले. १८६७ साली परवाना कर, १८६८ साली दाखला कर, १८६९ साली पुन्हा प्राप्तिकर, १८७३ साली तोही बंद. मग दुष्काळ निधीसाठी १८७८ साली पुनः परवाना कर, आणि त्यावरून त्याच वर्षी सुरतेस दंगा. अखेर १८८६च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा स्थिरावला. शेतीचे उत्पन्न त्याने वगळले, आणि पगार, कंपन्यांचा नफा व रोख्यांचे व्याज यांत न बसणारे सर्व काही 'इतर मार्ग' या चौथ्या भागात घातले. स्वतंत्र व्यवसायी त्या भागात पडला, आणि त्याच्या बाबतीत अधिकाऱ्याचा अंदाज हाच पुष्कळदा हिशेब ठरे.

या अंदाजाच्या अमलास लगाम घातला तो १९२२च्या कायद्याने. त्याच्या १३व्या कलमाचा आशय असा होता, की मनुष्य आपला हिशेब ज्या पद्धतीने नियमितपणे ठेवीत असेल, त्याच पद्धतीने त्याचे उत्पन्न मोजावे. परंतु त्याची अशी काही पद्धतच नसेल, किंवा त्या पद्धतीने उत्पन्न नीट कळत नसेल, तर अधिकारी ठरवील त्या रीतीने ते मोजावे. हेच तत्त्व पुढे १९६१च्या कायद्याच्या १४५व्या कलमात आले. या कलमाकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही, पण आमच्या मते स्वतंत्र व्यवसायी माणसाची ती सनदच आहे. नियमाने ठेवलेली वही सरकारने आधी मानावयाची आहे. ज्याच्यापाशी वही नाही, त्याचे उत्पन्न दुसरा ठरवितो.

एवढ्याने 'उत्पन्न किती' या प्रश्नाचा निकाल लागला असता, परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. मालकाचा पैसा मालकाच्या हाती येईपर्यंत वाटेत मध्यस्थ काही कापून घेतो. ते कापलेले कोणाच्या नावावर मांडावयाचे? हा प्रश्न आपल्या समाजास मुळीच अपरिचित नाही. पेशवाईतील रोजकीर्दींच्या ज्या निवडी गणेश चिमणाजी वाड यांनी केल्या, त्या चाळल्या असता जमा आणि खर्च या दोन बाजू निरनिराळ्या ठेवण्याची शिस्त आपल्या कारकुनांस किती अंगवळणी पडली होती हे दिसून येते. त्या काळी नाणी अनेक. पुण्याची अंकुशी, चांदवडची चांदवडी, आणि प्रत्येकीचा दर निराळा. एका नाण्याचे दुसरे करून घेताना बट्टा जाई. दूरगावी पैसा पाठवावयाचा तर हुंडी करावी लागे आणि तिजवर हुंडणावळ पडे. बट्टा आणि हुंडणावळ हा खर्चच आहे, ती रक्कम मुळातून गुपचूप वजा करून उरलेलीच जमा लिहू नये, ही जाण कीर्द लिहिणाऱ्यास होती. कारण रक्कम दुसऱ्याची, आणि वाटेत काय गळाले ते धन्यास दाखवावयाचे असे. आज परदेशी गिऱ्हाइकाचे डॉलर रुपयांत येताना जे चलनबदलाचे शुल्क कापले जाते, ते त्याच बट्ट्याचे आणि हुंडणावळीचे नवे नाव होय.

याहून जवळचे उदाहरण अडत्याच्या पट्टीचे आहे. शेतकरी माल बाजारात आणी, अडत्या तो विकी, आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी देई. वजन इतके, भाव इतका, एकूण रक्कम इतकी. तीतून अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा. बाकी रोख इतकी. पट्टी नीट लिहिलेली असेल तर शेतकऱ्यास दोन गोष्टी कळत: आपला माल खरोखर कितीला गेला, आणि मध्यस्थाने आपल्याकडून किती घेतले. पट्टीच न देता रोकड हातावर ठेवली, की दोन्ही गोष्टी अंधारात राहत. १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा कायदा झाला, १९२८ साली शेतकी चौकशीच्या शाही कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा व्यापक कायदा झाला. या साऱ्या खटाटोपाचा एक मोठा भाग कपाती मर्यादित व उघड करण्याचा होता. शेतीच्या उत्पन्नास केंद्राचा प्राप्तिकर नव्हता व आजही नाही; तेव्हा ही धडपड कराच्या भयाने झालेली नव्हती. आपल्या श्रमाची पूर्ण किंमत आणि मध्यस्थाचा वाटा हे वेगवेगळे दिसले पाहिजेत, एवढ्याचसाठी ती झाली.

आता या दोन धाग्यांची गाठ कोठे पडते ते पाहू. दूरच्या गिऱ्हाइकास दूरचा कारागीर मिळवून देणाऱ्या संस्था या शतकाच्या उंबरठ्यावर निघू लागल्या. एलान्स ही १९९९ सालची, ओडेस्क २००३ सालची. दोन्ही २०१३ साली एक झाल्या आणि २०१५ साली अपवर्क हे नाव आले. फायव्हर २०१० साली निघाली व तिने काम करणाऱ्याच्या रकमेतून शेकडा २० घेण्याचा परिपाठ ठेवला. अपवर्कच्या शुल्काचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६पासून एकाच गिऱ्हाइकाच्या पहिल्या ५०० डॉलरांवर शेकडा २०, नंतर १०,००० डॉलरांपर्यंत १०, आणि त्यावर ५ असा उतरता दर होता. २०२३ साली सरसकट १० झाला. २०२५पासून नव्या करारांना शून्यापासून १५ पर्यंत कामागणिक निराळा दर लागू झाला. नऊ वर्षांत तीन रीती! अशा स्थितीत 'माझी दलाली साधारण इतकी जाते' असे मनात धरून चालणाऱ्या माणसाचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो.

हे समजण्यास एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीने तालुक्याच्या गावी बसून वर्षभरात आपल्या देशातील गिऱ्हाइकांची ६,००,००० रुपयांची कामे एका मंचामार्फत केली. मंचाने शेकडा १० प्रमाणे ६०,००० रुपये शुल्क घेतले. त्या शुल्कावर शेकडा १८ प्रमाणे १०,८०० रुपये वस्तू व सेवा कर घेतला. आणि हजारी १ प्रमाणे ६०० रुपये प्राप्तिकर मुळाशीच कापला. बँकेत आले ५,२८,६००. आता तिच्या कीर्दीत काय लिहावयाचे? जमेच्या बाजूस ६,००,०००. खर्चाच्या बाजूस शुल्काचे ६०,०००, आणि तिची स्वतःची वस्तू व सेवा कराची नोंदणी नसेल तर त्या करापायी गेलेले १०,८००. कापलेले ६०० रुपये मात्र खर्च नव्हेत. तो तिच्याच नावावर आगाऊ भरलेला कर आहे, व विवरणपत्रात तो तिला वळता मिळावयाचा आहे. बँकेचे खातेपुस्तक पाहून ५,२८,६०० एवढीच जमा धरली, तर या तीन निरनिराळ्या जातीच्या रकमा एकाच अंधारात नाहीशा होतात.

बाकी एकच निघत असता एवढा खटाटोप कशास, असे कोणी म्हणेल. पूर्वी या म्हणण्यात थोडे तथ्य होते, कारण दोन्ही आकडे तिच्याचजवळ असत. आज तसे नाही. अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्यान्वये पैसे चुकते करणाऱ्या मध्यस्थ संस्था २०११च्या व्यवहारांपासून सरकारास १०९९-के या नावाचे पत्रक देऊ लागल्या. त्याची मर्यादा २०,००० डॉलर व २०० व्यवहार अशी होती. २०२१ साली ती ६०० डॉलरांवर आणण्याचे ठरले, अंमल वारंवार पुढे ढकलला गेला, आणि २०२५च्या कायद्याने जुनीच मर्यादा परत आली. या पत्रकातील आकडा शुल्क वजा न करता असतो. म्हणून तेथील स्वतंत्र व्यवसायी आपल्या विवरणपत्रात, ज्यास ते शेड्यूल सी म्हणतात, एकूण प्राप्ती एका ओळीत लिहितो आणि दलाली व शुल्क दुसऱ्या ओळीत वजा मागतो. युरोपीय संघाने २०२३पासून आपल्या रहिवाशांसाठी निराळी रीत घातली: मंचाने शुल्क वजा जाता दिलेली रक्कम कळवावी, आणि कापलेले शुल्क स्वतंत्रपणे कळवावे. ब्रिटननेही २०२४पासून मंचांकडून माहिती घेण्यास आरंभ केला आहे. रीती दोन, परंतु दोहोंतही शुल्क हा आकडा वेगळा उभा राहतो.

आपल्या देशात हे २०२० साली आले. १९६१च्या कायद्यात १९४-ओ हे कलम घालून त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून मंचांवर असे बंधन घातले, की विक्रीच्या वा सेवेच्या ढोबळ रकमेवर शेकडा १ कर कापून भरावा. १ ऑक्टोबर २०२४पासून तो दर हजारी १ इतका खाली आला. व्यक्तीची वर्षाची अशी रक्कम ५ लाखांच्या आत असेल व तिने आपला पॅन दिलेला असेल, तर कपात होत नाही. दर इतका खाली आला यावरून या कलमाचा हेतू वसुलीपेक्षा माहितीचा अधिक आहे, असे अनुमान केल्यास ते चुकीचे होणार नाही. कापलेला कर व तो ज्या रकमेवर कापला ती ढोबळ रक्कम, दोन्ही सरकारच्या दप्तरात त्या मुलीच्या नावावर उमटतात. २०२१च्या नोव्हेंबरपासून वार्षिक माहितीपत्रकाच्या द्वारे तिलाही ती पाहता येऊ लागली. अ‍ॅडिंग्टनला १८०३ साली डी वर्गात जी युक्ती साधली नाही, ती शेकडो गिऱ्हाइकांच्या जागी एक मध्यस्थ उभा राहिल्यामुळे सव्वादोनशे वर्षांनी साधली. साक्षीदार सहा लाख म्हणतो आणि तिची वही पाच लाख अठ्ठावीस हजार म्हणते, तर तिने काहीही लपविलेले नसता तिच्यावर लपविल्याचा संशय येतो.

याच्या उलट प्रमादही तितकाच घडतो. सरकारी पत्रकातला सहा लाखांचा आकडा जसाच्या तसा उतरवून शुल्काचा पुरावा न ठेवणारा मनुष्य ७०,८०० रुपयांच्या अशा रकमेवर कर भरतो, की जी त्याच्या हातास कधी लागलीच नाही. लहान उत्पन्नाच्या घरात ही रक्कम थोडी नव्हे.

कायद्याने लहान व्यवसायी माणसासाठी एक सोपी वाटही ठेवलेली आहे, आणि तेथेच घोटाळा अधिक होतो. २०१६ साली १९६१च्या कायद्यात अनुमानित उत्पन्नाचे ४४-एडीए हे कलम आले. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, हिशेबनिशी, तांत्रिक सल्ला इत्यादी नामनिर्दिष्ट व्यवसायांतील मनुष्याने ढोबळ प्राप्तीच्या निम्मी रक्कम आपला नफा म्हणून दाखविली, तर खर्चाचा तपशील मागितला जाणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. प्राप्तीची मर्यादा ५० लाखांची होती. रोखीचे व्यवहार शेकडा ५च्या आत असतील तर ती २०२३ साली ७५ लाखांपर्यंत वाढविली गेली. येथे निम्मे करावयाचे ते ढोबळ प्राप्तीचे. आपल्या उदाहरणातील मुलीचा व्यवसाय यात बसत असेल, तर तिचा नफा ३,००,००० ठरतो. बँकेतील रक्कम निम्मी केली तर २,६४,३०० येतात, म्हणजे ३५,७०० रुपये कमी दाखविले जातात. शुल्क एकदा आधीच वजा झाले, आणि निम्मा खर्च मान्य करून घेताना ते दुसऱ्यांदा वजा झाले, असा तो दुहेरी प्रकार आहे. ब्रिटनमध्ये २०१७पासून धंद्याच्या पहिल्या १,००० पौंड प्राप्तीस जी सूट आहे तीही याच तत्त्वाची आहे. ती सूट घेणाऱ्यास मंचाचे शुल्क वेगळे वजा मागता येत नाही. सोपी वाट घ्यावी, परंतु तीवर पाऊल टाकण्यापूर्वी एकूण आकडा ठाऊक असला पाहिजे, आणि तो सांगावयास कीर्दच लागते.

येथे वाचकांस असे वाटू नये, की हा सर्व व्याप जाणत्या हिशेबनिसावाचून होणार नाही. १९६१च्या कायद्याखालील नियमांत, ६-एफ या नियमान्वये, व्यवसायी माणसाकडे मागितलेल्या वह्या आपल्या आजोबांस परक्या वाटल्या नसत्या: रोजकीर्द, खतावणी, दिलेल्या बिलांच्या प्रती, आणि केलेल्या खर्चाच्या मूळ पावत्या. मंचावरून काम करणाऱ्यास प्रत्येक कामापुढे थोडे अधिक रकाने पाडावे लागतात. काम पुरे झाल्याची तारीख, गिऱ्हाइकाने दिलेली पूर्ण रक्कम, मंचाचे शुल्क, शुल्कावरील कर, मुळाशी कापलेला प्राप्तिकर, परकी चलन असल्यास त्याचा दर व बट्टा, बँकेत पडलेली रक्कम आणि तिची तारीख. दोन तारखा एवढ्याचसाठी, की मार्चमध्ये पुरे झालेल्या कामाचा पैसा पुष्कळदा मंचाच्याच खात्यात पडून राहून एप्रिलात बँकेत येतो, आणि तो कोणत्या वर्षाचा हे आपण रोखीची पद्धत धरली की देय-प्राप्य धरणारी व्यापारी पद्धत धरली यावर अवलंबून असते. १९९५च्या वित्त कायद्याने दोहोंची भेसळ बंद केली. तिचा अंमल १९९७पासून झाला. एक पद्धत घ्यावी आणि तीच नियमाने चालवावी, हे १९२२चेच सूत्र त्यामुळे अधिक कडक झाले. २०२५ साली संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६पासून ठरविण्यात आला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, आकारणी वर्षाच्या जागी 'कर वर्ष' हा शब्द आला. वर सांगितलेल्या तत्त्वांचा पाया मात्र त्याने हलविलेला नाही.

या इतिहासातून काय घ्यावयाचे? मंच नीट आकडे ठेवतो, सरकारच्या दप्तरातही ते जातात, तर आपण वेगळी वही कशास ठेवावी, असा युक्तिवाद आज सर्रास ऐकू येतो. त्यातील धोका पट्टीच्या इतिहासावरून उघड आहे. अडत्याची वही अडत्याच्या सोयीसाठी लिहिलेली असे; तिच्यात चूक झाली तर शेतकऱ्याने ती कशाच्या आधारे दाखवावी? मंच आपल्या नियमाप्रमाणे खाते बंद करू शकतो, जुनी पत्रके दिसेनाशी होऊ शकतात, शुल्काचा दर मध्येच बदलू शकतो. मग दुसऱ्याने लिहिलेले आकडे एवढेच उरतात, आणि ज्याच्या श्रमाचे ते आकडे त्याच्यापाशी म्हणावयास काही राहत नाही. १८६० साली आपल्या कारागिराचा पराभव झाला तो त्याच्याजवळ लेखी काहीच नव्हते म्हणून. आज लेखी पुष्कळ आहे, परंतु ते त्याच्या हातचे नाही.

शिवाय कराचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी शुल्काचा रकाना निराळा मांडणारास एक गोष्ट कळते, जी इतरांस कळत नाही. वर्षअखेर त्या रकान्याची बेरीज करून ती एकूण जमेशी ताडून पाहिली, म्हणजे हा मध्यस्थ मिळवून देतो त्या मानाने फार घेतो की योग्य घेतो, त्याच्यावाचून थेट गिऱ्हाईक जोडणे परवडेल काय, पुढील वर्षी मोबदला किती सांगावा, हे प्रश्न आकड्यांनिशी विचारता येतात. शेतकऱ्याने पट्टी मागितली ती याचसाठी.

तेव्हा ज्या घरात कोणी या रीतीने काम करीत असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी त्या मुलास वा मुलीस एवढीच सवय लावावी, की महिना संपला म्हणजे मंचाचे पत्रक उतरवून आपल्यापाशी ठेवावे, बँकेच्या खात्याशी ते ताडावे, आणि प्रत्येक कामाची पूर्ण रक्कम जमेस व प्रत्येक कपात खर्चास आपल्या हाताने लिहावी. ६-एफ नियमाने या वह्या सहा वर्षे जपून ठेवण्यास सांगितले होते. त्याहून अधिक ठेवल्यास काही बिघडत नाही. आपल्याकडील कीर्दी दोनदोनशे वर्षे टिकल्या आहेत.